नवशिक्याच्या चुकीचे मोल

कुशल यंत्रकामात प्रौढ वयात प्रवेश करणाऱ्यांच्या प्रश्नाचे एक अंग

एखादा मनुष्य वयाच्या तिशीत किंवा चाळिशीत पूर्वीचा व्यवसाय सोडून टर्नर, फिटर, वेल्डर अथवा साचेकार होऊ पाहतो, तेव्हा त्याच्याविषयी सामान्यतः दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, हे काम त्याला साधेल काय. आणि दुसरा, साधल्यावर त्याला रोजगार मिळेल काय. या दोन प्रश्नांच्या मध्ये तिसरा एक प्रश्न उभा असतो व त्याचा उच्चार क्वचितच होतो. शिकण्याच्या काळात त्या मनुष्याच्या हातून जो माल बिघडेल, जे हत्यार मोडेल आणि यंत्राचा जो वेळ वाया जाईल, त्याची किंमत कोणी द्यावयाची, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न वरवर किरकोळ हिशेबाचा वाटतो. परंतु कारागिरीच्या शिक्षणाचा इतिहास पाहिला असता असे दिसून येते की, उमेदवारीच्या ज्या ज्या पद्धती निरनिराळ्या देशांत व काळांत रूढ झाल्या, त्या सर्व मुळात या एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत. उत्तर कोणते दिले जाते यावरून त्या व्यवसायात कोणाला शिरता येईल आणि कोणाला दाराबाहेर राहावे लागेल, हेही ठरून जाते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे स्वरूप, त्याची आजवर दिली गेलेली उत्तरे आणि प्रौढ नवशिक्याच्या बाबतीत ती अपुरी का पडतात, याचा विचार केला आहे.

चूक म्हणजे काय

चर्चा नेमकी व्हावी म्हणून लेथवरील एक साधे काम घेऊ. २५ मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट कातावयाचा असून त्याच्या एका भागावर बेअरिंग बसावयाचे आहे. अशा कामाच्या ड्रॉइंगवर मापापुढे पुष्कळदा 'एच ७' अशी खूण (इंग्रजी लिपीतील लहान अक्षराने) दिलेली असते. तिचा अर्थ असा की, व्यास २५·००० मिलिमीटरहून अधिक नसावा आणि २४·९७९ मिलिमीटरहून कमी नसावा. म्हणजे कामगाराला मिळणारी मोकळीक २१ मायक्रॉनची, अर्थात मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाची असते. साध्या मायक्रोमीटरवरील एक रेघ १० मायक्रॉनची असते. तेव्हा ही सारी मोकळीक अवघ्या दोन रेघांत सामावते.

आता या कामात नवशिक्याच्या हातून घडणारी एक नेहमीची चूक पाहावी. शेवटचा काप घेतल्यावर शाफ्ट तापलेला असतो. नवशिका तो लगेच मोजतो, माप वरच्या मर्यादेच्या जवळ आलेले पाहतो आणि आणखी थोडा काप घेऊन ते मधोमध आणतो. पोलाद दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या दशलक्षांश भागांपैकी सुमारे १२ भागांनी प्रसरण पावते. शाफ्ट भोवतालच्या हवेहून ४० अंशांनी अधिक तापला असेल, तर २५ मिलिमीटर व्यासात १२ मायक्रॉनची वाढ होते. म्हणजे मिळालेल्या मोकळिकीपैकी निम्म्याहून अधिक भाग केवळ उष्णतेने खाऊन टाकलेला असतो. शाफ्ट निवल्यावर तो मर्यादेच्या खाली गेलेला आढळतो. नवशिक्याने मोजण्यात चूक केलेली नसते; त्याचा मायक्रोमीटरही खरा असतो. धातू केव्हा मोजावा, एवढेच त्याला ठाऊक नसते.

या चुकीचे आणखी एक लक्षण ध्यानात घेण्याजोगे आहे. शाफ्ट ठरल्या मापापेक्षा जाड राहिला तर तो पुन्हा कातता येतो. बारीक झाला तर तो भंगारात जातो. भोकाच्या बाबतीत याच्या उलट घडते. लहान राहिलेले भोक वाढविता येते, मोठे झालेले भोक लहान करता येत नाही. धातू काढून टाकण्याच्या सर्व कामांत काढलेला धातू परत येत नाही, ही गोष्ट मुळाशी आहे. म्हणून जाणता कारागीर अंतिम मापाच्या अलीकडे थांबतो, काम निवू देतो, पुन्हा मोजतो आणि मग शेवटचा काप घेतो. कोणत्या बाजूला चुकलेले परवडते हे ओळखणे, हा त्याच्या कौशल्याचा फार मोठा भाग असतो.

हे ज्ञान पुस्तकात लिहिता येते, आणि ते लिहिलेही गेले आहे. तथापि टूल थरथरू लागले असता आवाजात पडणारा फरक, किसाचा रंग व वळण, हँडलवर जाणवणारा विरोध या गोष्टी शब्दांत पुरतेपणी उतरत नाहीत. मायकेल पोलान्यी यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पर्सनल नॉलेज' या ग्रंथात अशा अनुक्त ज्ञानाची मीमांसा केली असून, ते जाणत्याच्या सहवासात व प्रत्यक्ष कृतीनेच संक्रांत होते असे प्रतिपादिले आहे. प्रत्यक्ष कृतीने शिकावयाचे म्हटले की चुका अटळ ठरतात. चुकांना वाव न देता हे काम शिकविता येत नाही, आणि प्रत्येक चुकीला किंमत असते. आपला प्रश्न याच ठिकाणी उत्पन्न होतो.

कारखान्यातील उतरंड

कोणत्याही लहान यंत्रशाळेत नवशिक्याला दिल्या जाणाऱ्या कामांचा एक परंपरागत क्रम आढळतो. प्रथम झाडलोट, कीस काढणे व यंत्राला तेल देणे. नंतर जाणत्या कारागिराच्या हाताखाली जॉब चढविणे व उतरविणे. त्यानंतर जाड काप घेऊन ओबडधोबड आकार आणणे. आणि सरतेशेवटी मापाचा बारीक काप. बाहेरून पाहणाऱ्याला या क्रमात केवळ मिस्त्रीची मिजास आणि पोराची राबणूक दिसते. त्या दोन्ही गोष्टी काही प्रमाणात तेथे असतातही. परंतु क्रमाचे मूळ कारण आर्थिक आहे.

कच्च्या पोलादाचा तुकडा पहिल्याच कापात बिघडला तर तुकड्याची किंमत जाते. तोच तुकडा कातून, त्यावर आटे पाडून, चावीची खाच करून शेवटच्या कापात बिघडला, तर पूर्वीच्या प्रत्येक कामगाराची मजुरी आणि प्रत्येक यंत्राचा वेळही त्याच्याबरोबर भंगारात जातो. काम जसजसे पूर्णतेकडे जाते तसतशी चुकीची किंमत चढत जाते. सबब नवशिक्याला अगोदर जेथे चूक स्वस्त आहे तेथे उभे केले जाते आणि त्याचा हात बसेल त्या मानाने महाग चुकीच्या जवळ आणले जाते. या दृष्टीने पाहिले असता उमेदवारीची उतरंड म्हणजे चुकांच्या किमतीचा चढता जिनाच होय.

मात्र या जिन्यात एक दोष आहे. स्वस्त चुकीच्या पायरीवर नवशिक्या जितका अधिक काळ थांबेल तितका तो मालकाला लाभदायक ठरतो. कारण तेथे तो हेल्परचे काम अल्प मोबदल्यात करीत असतो. त्यामुळे त्याला वर नेण्याची निकड कारखान्याला वाटेलच असे नाही. वर्षानुवर्षे 'हेल्पर' राहिलेली माणसे औद्योगिक वसाहतींत जी आढळतात, त्यांचा सर्वांचाच हात जड असतो असे मानण्याचे कारण नाही. पुष्कळांना महाग चूक करण्याची संधीच मिळालेली नसते.

खर्च कोणी सोसावा : विचारवंतांची उत्तरे

इंग्लंडमध्ये १५६३ च्या कारागीरविषयक कायद्याने किमान सात वर्षांची उमेदवारी आवश्यक केली आणि ती वयाच्या चोविसाव्या वर्षापूर्वी संपू नये असे ठरविले. या व्यवस्थेत चुकांचा खर्च उस्ताद सोसत असे व तो पुढील वर्षांतील जवळजवळ फुकट श्रमातून वसूल करीत असे. पहिली वर्षे तोट्याची आणि शेवटची वर्षे नफ्याची, असा तो हिशेब होता. सात वर्षांची मुदत मुख्यतः शिकण्यासाठी लागते की वसुलीसाठी, हा प्रश्न त्यामुळे साहजिकच उपस्थित झाला. १८१४ मध्ये उमेदवारीची ही सक्ती रद्द करण्यात आली.

त्यापूर्वी १७७६ मध्येच ॲडम स्मिथ यांनी दीर्घ उमेदवारीवर टीका केली होती. त्यांच्या मते शिकाऊ माणसास प्रथमपासून त्याच्या अल्पस्वल्प कामाच्या प्रमाणात मजुरी द्यावी आणि अननुभवामुळे जो माल तो बिघडवील त्याची किंमत त्याच्याकडून घ्यावी. म्हणजे तो अधिक लक्षपूर्वक शिकेल. हे उत्तर तर्काला धरून आहे, परंतु त्यात दोन अडचणी आहेत. पहिली अशी की, स्मिथ यांच्या काळातील हातकामात बिघडणारा माल आणि शिकाऊ माणसाची मजुरी यांचे जे प्रमाण असेल, ते यंत्रयुगात राहिलेले नाही. मिश्रधातूचा एक अर्धवट झालेला भाग किंवा एक भंगलेले टूल यांची किंमत शिकाऊ माणसाच्या कित्येक दिवसांच्या प्राप्तीहून सहज अधिक होऊ शकते. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ज्याच्या खिशातून चुकीची किंमत जावयाची, तो चूक लपवितो. लपविलेली चूक भंगाराच्या पेटीत न जाता जोडणीच्या विभागात जाते आणि तेथून कोणाच्या तरी यंत्रात. शिक्षणाच्या दृष्टीनेही हानी होते. कारण जी चूक उघड झाली नाही तिची कारणमीमांसा कधीच होत नाही.

विसाव्या शतकात गॅरी बेकर यांनी १९६४ च्या 'ह्यूमन कॅपिटल' या ग्रंथात या प्रश्नाची नव्याने मांडणी केली. जे कौशल्य कोणत्याही कारखान्यात उपयोगी पडते ते सर्वसाधारण, आणि जे एकाच कारखान्यापुरते उपयोगी ते विशिष्ट, असा त्यांनी भेद केला. स्पर्धा पूर्ण असल्यास सर्वसाधारण कौशल्याचा खर्च मालक करणार नाही, कारण शिकून तयार झालेला माणूस दुसरा मालक अधिक वेतन देऊन नेईल. तो खर्च शिकणाऱ्यानेच शिकाऊ काळातील कमी वेतनाच्या रूपाने सोसावा लागतो. लेथचे काम हे या अर्थाने बव्हंशी सर्वसाधारण कौशल्य आहे. पुण्याचा टर्नर कोल्हापुरात निरुपयोगी होत नाही.

प्रत्यक्षात मात्र अनेक मालक सर्वसाधारण कौशल्यावरही खर्च करताना आढळतात. याचे एक स्पष्टीकरण असेमोग्लू व पिश्के यांनी १९९८ मध्ये जर्मन उमेदवारी-पद्धतीच्या अनुषंगाने दिले. जुन्या मालकाला आपल्या शिकाऊ माणसाचा खरा वकूब जितका ठाऊक असतो तितका बाहेरच्या मालकाला नसतो. त्यामुळे प्रशिक्षित माणूस लगेच पळविला जात नाही आणि शिकविणाऱ्याला आपला खर्च भरून काढण्यास अवधी मिळतो. तात्पर्य, श्रमबाजार जितका परिपूर्ण तितके कारखान्यातील शिक्षण दुर्मीळ, अशी एक विपरीत स्थिती संभवते.

महाराष्ट्रातील एक उदाहरण

महाराष्ट्रात लोहारी, सुतारी, तांबटकाम, कातारकाम हे व्यवसाय जातिपरंपरेने चालत. तेथे शिकाऊ मुलाच्या चुकांचा खर्च त्याचे घरच सोसत असे. बाप व उस्ताद एकच असल्याने हिशेब वेगळा ठेवण्याची गरज नव्हती. या व्यवस्थेची स्वाभाविक परिणती अशी की, ज्याच्या घरी भट्टी नाही त्याला भट्टीजवळ शिरकाव नाही. चुकीची किंमत देणारे कोणी नसणे, हा त्या जन्मसिद्ध बंधनाचा एक आर्थिक पैलू होता.

या चौकटीबाहेरून यंत्रव्यवसायात आलेल्या माणसांत लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे उदाहरण प्रस्तुत विषयाशी निकटचे आहे. १८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाविद्यालयात चित्रकला शिकण्यास गेले. रंग ओळखण्याच्या दृष्टिदोषामुळे ती सोडून ते यांत्रिक आरेखनाकडे वळले व पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. ती नोकरी सोडून त्यांनी बेळगावी यंत्रव्यवसायात प्रवेश केला. तेथे बंधू रामूअण्णा यांच्यासह चालविलेल्या सायकलींच्या धंद्याचा आधार होता. कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर ही त्यांची आरंभीची उत्पादने. लोखंडाच्या नांगराने जमीन बिघडते या समजुतीमुळे नांगरांना आरंभी गिऱ्हाईक मिळेना व पुष्कळ काळ माल पडून राहिला. पुढे बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या जमिनीच्या व अर्थसाहाय्याच्या आधारे १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळ कारखाना उभा राहिला. तीच किर्लोस्करवाडी.

ही कथा बहुधा जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते, आणि जिद्द तेथे होतीच. परंतु हिशेबाच्या दृष्टीने पाहता शिकण्याच्या व चुकण्याच्या त्या वर्षांचा भार प्रथम कुटुंबाने आणि नंतर एका संस्थानाने उचलला, हेही तितकेच खरे आहे. तो भार उचलणारे कोणी नसते, तर जिद्द असूनही काय झाले असते याची कल्पना करता येते. ज्या माणसांच्या मागे असा आधार नव्हता, त्यांच्या कथा लिहिल्या गेल्या नाहीत.

शासनाचे उत्तर

भारतात उमेदवारीविषयी पहिला कायदा १८५० चा. अनाथ व गरीब मुलांना धंदा शिकता यावा, हा त्याचा मुख्य हेतू होता. दहा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना उस्तादाशी करारबद्ध करण्याची त्यात सोय होती. या कायद्याच्या दृष्टीसमोर मूल होते, प्रौढ नव्हता.

विशेष लक्षणीय गोष्ट ही की, आजच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची पूर्वपीठिका मात्र प्रौढांच्या पुनर्वसनात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, जुलै १९४५ मध्ये, सैन्यातून मुक्त होणाऱ्या शिपायांच्या व युद्धकार्यातून मोकळ्या होणाऱ्या कामगारांच्या पुनर्वसनासाठी केंद्र सरकारने स्वतंत्र महासंचालनालय स्थापन केले. फाळणीनंतर पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना त्याचा लाभ देण्यात आला. हे लोक अंगावर संसार असलेले व एक आयुष्य मागे टाकून आलेले होते. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि १९५६ मध्ये संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे गेला. कालांतराने या संस्था शाळा संपवून येणाऱ्या मुलामुलींच्या झाल्या. प्रौढांसाठी निर्माण झालेल्या व्यवस्थेतून प्रौढ हळूहळू दिसेनासा झाला.

या संस्थांनी चुकांच्या खर्चाचे उत्तर सोपे केले. तेथील लेथ विक्रीसाठी माल काढीत नाही. शिकाऊ विद्यार्थ्याने बिघडविलेला तुकडा शिक्षणखर्चात मोडतो आणि तो खर्च समाज करतो. परंतु ज्या चुकीने कोणाचेच नुकसान होत नाही, ती चूक शिकवितेही कमी. गिऱ्हाइकाची निकड, ठरलेला दिवस आणि महाग माल यांच्या दडपणाखाली हात स्थिर ठेवणे तेथे शिकता येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी संस्थेतील शिक्षणाला कारखान्यातील उमेदवारीची जोड हवी होती.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने ती जोड दिली. ठराविक प्रमाणात उमेदवार घेण्याचे बंधन कारखान्यांवर आले व प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा खर्च मुख्यतः मालकाने करावयाचा असे ठरले. या कायद्यातील एका तरतुदीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. उमेदवाराला नगावारी मोबदला देता येणार नाही आणि उत्पादनावर आधारलेल्या बोनस वा प्रोत्साहन योजनेत भाग घेण्यास त्याला भाग पाडता येणार नाही, असे तेराव्या कलमात म्हटले आहे. स्मिथ यांच्या उत्तराला दिलेला हा स्पष्ट नकार होय. किती नग निघाले व किती बिघडले यांच्याशी उमेदवाराच्या विद्यावेतनाचा संबंध कायद्याने तोडला आहे.

नियमित कामगाराची स्थिती वेगळी आहे. त्याच्या दुर्लक्षामुळे सोपविलेल्या मालाचे नुकसान झाल्यास वेतनातून कपात करण्याची मुभा १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होती. त्यापूर्वी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, अशी अटही होती. २०१९ च्या वेतन संहितेत हीच व्यवस्था पुढे चालविली आहे. ज्या प्रौढाला उमेदवार म्हणून कोणी घेत नाही आणि जो हेल्पर अथवा कंत्राटी कामगार म्हणून कारखान्यात शिरतो, तो शिकत असतो नवशिक्याप्रमाणे. परंतु चुकीच्या बाबतीत त्याची गणना होते जाणत्या कामगारात. कायद्याने उमेदवाराभोवती उभारलेल्या कुंपणाच्या तो बाहेर राहतो.

प्रौढाची विशेष अडचण

बेकर यांच्या मांडणीतून प्रौढाची अडचण स्पष्ट होते. शिकाऊ काळात कमी वेतन घेऊन खर्च सोसावयाचा, हा मार्ग आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला कसाबसा परवडतो. ज्याच्यावर भाडे, मुलांच्या शाळा आणि म्हातारी माणसे यांचा भार आहे त्याला तो परवडत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने उमेदवारांचे किमान विद्यावेतन शैक्षणिक पात्रतेनुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये असे ठरविण्यात आले. त्यात एक कुटुंब चालविता येईल असे कोणी म्हणणार नाही. मालकाच्या बाजूनेही हिशेब प्रतिकूल असतो. वयाच्या चाळिसाव्या वर्षी शिकू लागलेल्या माणसाकडून केलेला खर्च वसूल होण्यास वर्षे कमी उरलेली असतात.

मुंबईच्या गिरणी कामगारांच्या बाबतीत ही अडचण फार मोठ्या प्रमाणावर प्रकट झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्यानंतरच्या काळात गिरण्या बंद पडत गेल्या. साच्याखात्यात वा जोडणीत आयुष्य घालविलेल्या माणसांजवळ कौशल्य नव्हते असे नाही. तुटलेला धागा चालत्या यंत्रावर सांधणारे बोट हे अत्यंत शिकलेले बोट असते. परंतु ते कौशल्य त्या यंत्रांबरोबर बाजारातून उठले आणि नवे कौशल्य मिळविण्याच्या काळात घर कोण चालविणार याला उत्तर नव्हते.

केंद्र सरकारने १९८६ मध्ये वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधीची योजना सुरू केली. कायमच्या बंद पडलेल्या गिरण्यांतील पात्र कामगारांना पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के व तिसऱ्या वर्षी २५ टक्के अशी उतरती मदत तीत होती. तीन वर्षांचा हा काळ एखादा यंत्रव्यवसाय शिकण्यास पुरेसा आहे आणि उतरते साहाय्य हे चढत्या प्राप्तीला नेमके पूरक ठरले असते. तथापि ही मदत शिकण्याशी जोडलेली नव्हती. उलट दुसऱ्या नोंदणीकृत उद्योगात नोकरी धरल्यास तिचा हक्क संपत असे. चुकांचा काळ निभावून नेईल अशी रक्कम होती, पण चुका करण्यासाठी यंत्र नव्हते.

जर्मनीतील व्यवस्थेशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. तेथील १९६९ च्या व्यवसायशिक्षणाच्या कायद्याने तरुणांची उमेदवारी कारखाना व शाळा यांच्यात वाटून दिली. परीक्षा व्यवसायमंडळांकडे असते व शिकाऊ मोबदला वर्षागणिक वाढता ठेवावा लागतो. याच्या शेजारी प्रौढांसाठी पुनर्प्रशिक्षणाचा निराळा मार्ग आहे. पूर्वानुभव लक्षात घेऊन त्याची मुदत साधारणतः नेहमीच्या मुदतीच्या दोनतृतीयांश ठेवतात, आणि पात्र व्यक्तीच्या शिक्षणाचा व त्या काळातील निर्वाहाचा भार रोजगार-यंत्रणा उचलते. शेवटची परीक्षा मात्र तरुण व प्रौढ यांना एकच असते. खर्चाची सोय वेगळी व कसोटी समान, हे या व्यवस्थेचे सूत्र म्हणता येईल.

नव्या यंत्रांचा परिणाम

संगणकनियंत्रित लेथ व मिलिंग यंत्रांच्या प्रसाराने चूक नाहीशी होईल, असे काहींना वाटत असे. घडले असे की चुकीची जागा बदलली. आता हँडल फिरविणारा हात चुकत नाही. कार्यक्रम लिहिणारा, टूलची लांबी नोंदणारा किंवा जॉबचा शून्यबिंदू ठरविणारा माणूस चुकतो. पूर्वी चुकीच्या कापाने एक तुकडा जात असे. आता चुकीच्या एका आकड्याने टूल वेगाने जॉबवर वा चकवर आदळून यंत्राचा मुख्य भागच जायबंदी होऊ शकतो. अशा महाग यंत्राजवळ नवशिक्याला जाऊ देण्यास मालक अधिकच नाखूश असतो.

उलटपक्षी, याच तंत्राने चूक स्वस्त करण्याचे साधनही दिले आहे. पडद्यावर कार्यक्रम चालवून पाहता येतो व तेथील धडक फुकट असते. प्रौढ नवशिक्याला यात विशेष सोय आहे. त्याची दिवसाची नोकरी न सोडता शिक्षणाचा काही भाग त्याला उरकता येतो. परंतु तापलेला धातू, थरथरणारे टूल आणि घट्ट न बसलेला जॉब यांची जाणीव पडदा देत नाही. जिन्याच्या खालच्या पायऱ्या तेवढ्या त्याने स्वस्त केल्या आहेत. वरच्या पायऱ्या प्रत्यक्ष यंत्रावरच चढाव्या लागतात. शिकाऊ माणसांकडून बाजाराच्या खऱ्या मागणीचे काम जाणत्यांच्या देखरेखीखाली करून घेणाऱ्या छत्रपती संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थांचे महत्त्व यामुळे वाढते. तेथे चूक खरी असते, पण तिचा भार एकट्या शिकाऊ माणसावर पडत नाही.

निष्कर्ष

कुटुंब, शिकणारा स्वतः, मालक आणि समाज, हे चौघेच चुकीचा खर्च सोसू शकतात. कुटुंबावर सोपविल्यास व्यवसाय जन्माने बांधला जातो. शिकणाऱ्यावर सोपविल्यास ज्याच्यावर संसार आहे तो माघार घेतो आणि जो राहतो तो चुका लपवितो. मालकावर सोपविल्यास तो तरुणांची निवड करतो व त्यांनाही स्वस्त चुकीच्या पायरीवर थांबवितो. केवळ समाजावर सोपविल्यास चुकीतील शिकवण पातळ होते. तेव्हा हा भार वाटून घेण्यावाचून गत्यंतर नाही, आणि प्रौढाच्या बाबतीत निर्वाहाचा वाटा समाजाने व यंत्राचा वाटा मालकाने उचलावा, हे अनुभवाला धरून दिसते.

या क्षेत्रात पुढील संशोधनास पुष्कळ अवकाश आहे. प्रशिक्षणावर झालेला खर्च आणि प्रमाणपत्रांची संख्या यांची नोंद सर्वत्र ठेवली जाते. शिकाऊ माणसाच्या हातून पहिल्या वर्षात किती माल बिघडला, त्याची किंमत कोणाच्या खात्यावर पडली आणि मापाचा पहिला काप त्याला कितव्या महिन्यात घेऊ दिला, यांची नोंद कारखान्याच्या वहीत असलीच तर भंगाराच्या रकान्यात असते. व्यवसायांतराच्या अभ्यासकाने तो रकाना उघडून पाहावयास हवा.